काडी आणि वीट

रंगीत चित्रं दाखवून माणसांना पटवणाऱ्यांचा भूपाल मगदुमांना जितका तिटकारा होता, तितका खिसेकापूंचाही नव्हता. खिसेकापू निदान तोंड लपवतो, असं ते म्हणत. आणि इथे, कोल्हापूरच्या 'नवचाल अस्थिकेंद्रा'त, डॉक्टर चिन्मय साखळकर भूपालरावांच्याच धाकट्या बहिणीची मांडी भिंतभर पडद्यावर निळ्या-हिरव्या रंगांत रंगवून दाखवत होते. बहीण, कांचन, समोर खाटेवर उशीला टेकून कौतुकानं बघत होती.

"निळं म्हणजे ताण नाही. हिरवं म्हणजे ताण आहे, पण सोसतोय," डॉक्टर म्हणाले. "आता लाल कुठे दिसतंय का बघा काका. शोधून दाखवाच!"

"लाल रंगाची मर्यादा वर सरकवली की सगळंच हिरवं दिसतं," भूपालराव म्हणाले. "आणि मी तुमचा काका नाही."

डॉक्टर हसले. ते कशालाही हसत. त्यांचे दात फार चांगले होते आणि त्यांना ते ठाऊक होतं.

रविवारी शिरोळच्या वळणावर कांचनची स्कूटर घसरली आणि उजव्या मांडीचं हाड मधोमध मोडलं. सोमवारी ऑपरेशन झालं. आज मंगळवार. गुरुवारी सकाळी अकरा वाजता ती स्वतःच्या पायांवर चालणार होती. दवाखान्याच्या दारापासून जिन्यापर्यंत तेच लिहिलेलं होतं : 'तिसऱ्या दिवशी स्वतःच्या पायावर.' नुसतं चालायचं नव्हतं. लांब व्हरांड्यात दोन्ही बाजूंना नर्सा उभ्या राहून टाळ्या वाजवत, शेवटी डॉक्टर गळ्यात हार घालत, आणि त्याची फिल्म संध्याकाळपर्यंत गावभर फिरे.

"तिसऱ्या दिवशी आमच्याकडे राख सावडतात," भूपालराव म्हणाले.

"अण्णा!" कांचन ओरडली. "जरा बरं बोल की."

यंत्राचं नाव होतं 'सांधेकरी'. नावं ठेवायचीच म्हटली तरी यंत्र थोर होतं, हे मान्य करायला हवं. पूर्वी मांडी मोडली की माणूस सहा आठवडे पाय टेकवत नसे आणि पुढे तीन महिने कुबड्या. २०३८ साली सांधेकरी आलं आणि चित्र पालटलं. रोग्याच्या हाडाची प्रतिमा घ्यायची. यंत्र त्या हाडाचे संगणकात लाखो बारीक तुकडे करायचं. चालताना, वळताना, जिना उतरताना कुठल्या तुकड्यावर किती भार येईल याचा हिशेब मांडायचं. आणि रोग्याला भूल चढेपर्यंत टायटॅनियमची पट्टी आणि स्क्रू छापून तयार. दुसऱ्या कुणाला बसणार नाहीत, याच माणसाला बसतील असे. हाडाचे तुकडे करून हिशेब मांडायला पूर्वी इंजिनिअर लागत. आता डॉक्टरचं बोट पुरे होतं.

भूपालराव तसल्याच इंजिनिअरांपैकी एक. पुण्यातल्या एका कंपनीत त्यांनी तीस वर्षं हेच केलं : बस, ट्रॅक्टर, पंप, क्रेन, जे येईल त्याचे संगणकात तुकडे करायचे आणि ते कुठे मोडेल ते सांगायचं. कंपनी बंद पडली, तिची जुनी कामं कुणीतरी विकत घेतली, आणि भूपालराव वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी जयसिंगपूरला येऊन राहिले. नाकानं कांदे सोलायची सवय मात्र सोबत आली. पुतणीच्या लग्नात मांडवाचे खांब पाहून त्यांनी भटजींसकट सगळ्यांना व्यासपीठावरून खाली उतरवलं होतं. व्यासपीठ काही पडलं नाही. बस्तीजवळची, म्हणजे जैन देवळाजवळची, पाण्याची टाकी दोन वर्षांत कलेल असं त्यांनी लिहून दिलं होतं. तिला आता बारा वर्षं झाली होती आणि ती ताठ उभी होती.

बहिणीचं बोलणंही आताशा त्यांना खटके. ती मुलींच्या शाळेत खेळाची शिक्षिका, आयुष्य कोल्हापुरात गेलेलं, त्यामुळे 'मी जातो, मी करतो' असं पुरुषासारखंच बोलायची. हे तिकडचं सगळ्या बायकांचं बोलणं, भूपालरावांच्या आईचंही तेच. पण पुण्याच्या पाण्यानं त्यांचे कान नाजूक झाले होते.

"एक्स-रे दाखवा," ते डॉक्टरांना म्हणाले. "रंगीत नको. साधा, काळा-पांढरा."

डॉक्टरांनी खांदे उडवून चित्र बदललं. मांडीचं हाड, त्याच्या बाजूला लांब पट्टी, पट्टीतून हाडात गेलेले नऊ स्क्रू. हाडाचा रक्तपुरवठा दाबला जाऊ नये म्हणून पट्टी हाडापासून दोन-तीन मिलिमीटर उचललेली होती, तेही बरोबर होतं. भूपालराव पडद्याजवळ गेले, चष्मा कपाळावर सारला आणि एकेक स्क्रू बोटानं मुकाट तपासत गेले. ते गप्प बसले की कांचनला नेहमी काळजी वाटे, कारण ते क्वचित घडे.

"हे स्क्रू हाडात शिरतात तिथेच बारीक का झालेत?" त्यांनी विचारलं. "पट्टीपाशी जाड आणि हाडाच्या तोंडाशी उंदराची शेपटी."

"तीच तर गंमत आहे! जिथे ताण नाही, तिथे धातू नाही. उगाच जास्त धातू घालायचा नाही, जास्त भोक पाडायचं नाही."

"तिथे ताण नाही असं कोण म्हणालं?"

"सांधेकरी," डॉक्टर म्हणाले, देवाचं नाव घ्यावं तसं.

"मनगटांना, खुब्याला, सगळीकडे असेच छापता?"

"मनगटाचे आणि गळपट्टीच्या हाडाचे स्क्रू मुळातच इतके बारीक असतात की त्याहून बारीक छापता येत नाहीत. मांडीचे आम्ही दोन महिन्यांपासून सुरू केले. तिथे यंत्राला खरी करामत दाखवायला जागा मिळाली."

करामत दाखवायला जागा मिळाली की मूर्ख काय करतो, हे भूपालरावांनी तीस वर्षं पाहिलं होतं.

"कांचन, गुरुवारी चालायचं नाही," ते म्हणाले.

"का म्हणून?"

"स्क्रू मोडतील. एक मोडला की बाकीचे एकामागोमाग एक जातील. पट्टी सुटेल, हाड सरकेल, आणि पाय दोन इंच आखूड होईल. मग शिकव मुलींना लंगडी."

"मांडव पडणार म्हंटलास, टाकी पडणार म्हंटलास," कांचन शांतपणे म्हणाली. "पंधरा दिसांनी माझ्या पोरींच्या स्पर्धा हाईत. मी गुरुवारी चालतो बघ. तू येऊन टाळ्या वाजव."

डॉक्टर पुन्हा हसले. पालथ्या घड्यावर पाणी, असं मनाशी म्हणत भूपालराव बाहेर पडले. घडा कुणाचा पालथा आहे, हा प्रश्न त्यांना पडला नाही.

बुधवारी सकाळी दहाला ते पुण्यात होते. सांधेकरी बनवणाऱ्या कंपनीत हिशेबाची मुख्य होती अनघा बेडगे, आणि अनघा त्यांची शिष्या. तेविसाव्या वर्षी ती त्यांच्या हाताखाली आली, सात वर्षं शिकली आणि मग या कंपनीत निघून गेली. त्या दिवशी भूपालराव तिला म्हणाले होते, "जा, रंगीत चित्रं काढ." त्यानंतर अकरा वर्षं त्यांनी तिला फोन केला नव्हता. तिनं दर दिवाळीला केला होता. त्यांनी उचलला नव्हता.

ती धावत खाली आली आणि वाकून नमस्कार करू लागली.

"नमस्कार राहू दे," भूपालराव म्हणाले. "कांचन मगदूमचं मॉडेल उघड. उजवी मांडी. मला स्क्रू आणि हाडाचा जोड बघायचाय."

अनघाचा चेहरा किंचित उतरला, पण ती त्यांना वर घेऊन गेली. तिनं मॉडेल उघडलं.

हे जोडाचं प्रकरण समजायला कॉलेजात जावं लागत नाही. संगणकात वस्तू मांडायच्या तर सगळ्या वस्तूंना एकच प्रकारचा तुकडा वापरून भागत नाही. हाड जाडजूड, म्हणून ते विटांनी रचायचं. बारीक, लाखो विटा. स्क्रू लांब आणि सडपातळ. त्यालाही विटा वापरल्या तर विटांची संख्या हाताबाहेर जाते, म्हणून स्क्रूसाठी काडी घ्यायची. गोम अशी की काडीला आणि विटेला एकमेकींची भाषा येत नाही. विटेच्या कोपऱ्याला फक्त सरकणं कळतं : पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे, वर-खाली. काडीच्या टोकाला सरकणं कळतं आणि शिवाय वळणंही कळतं. आता काडीचं टोक विटेच्या एका कोपऱ्याला बांधलं, तर ढकललेलं विटेला कळतं, पण वळवलेलं कळतच नाही. काडी तिथे दाराच्या बिजागरीसारखी मोकळी फिरते. खऱ्या स्क्रूला हाड मुठीत घट्ट धरतं, आणि संगणकातल्या स्क्रूला कुणीच धरलेलं नसतं.

जाणता माणूस यावर उपाय करतो. काडी विटांच्या आत खोल रोवतो, किंवा तिचं टोक आजूबाजूच्या वीस-पंचवीस कोपऱ्यांना वाटून देतो, म्हणजे काही कोपरे ढकलतात, काही ओढतात आणि वळवण्याचा जोर विटांपर्यंत पोचतो. काम किचकट, वेळ खाणारं. म्हणून भूपालराव आपल्या हाताखालच्या प्रत्येकाला एक शिस्त लावत. हिशेब चालवण्याआधी प्रत्येक काडी दूरच्या टोकाला धरून एक अंश पिळायची. विटा अडल्या तर जोड खरा. नाही अडल्या तर खोटा. पोरं त्याला सरांचं कान पिळणं म्हणत आणि त्यात अर्धा दिवस जातो म्हणून पाठीमागे कुरकुरत.

"पिळ," भूपालराव म्हणाले.

अनघानं चौथ्या स्क्रूला एक अंशाचा पीळ दिला. पडद्यावर काडी निवांत फिरली. विटा जागच्या हलल्यासुद्धा नाहीत. कोपऱ्यात एक अगदी क्षुल्लक आकडा उमटला.

"बिजागरी!" भूपालराव जवळजवळ आनंदानं ओरडले. "यंत्राला वाटतंय की हाडाच्या तोंडाशी स्क्रूला कुणी धरलेलंच नाही, म्हणून तिथे तो वाकतच नाही, म्हणून तिथे धातू नको! आणि खरं हाड त्याला तिथेच करकचून धरणार. प्रत्येक पावलाला तो नेमका त्याच जागी वाकणार, शेपटीपाशी. मोडायला महिनाही नको. आणि हा आकडा काय आहे?"

"मऊ स्प्रिंग, सर."

भूपालराव कुत्सित हसले. काडी अशी मोकळी सुटली की गणित अडतं. रचना सैल आहे, उत्तर निघणार नाही, असं संगणक सांगतो. तो संगणकाचा सगळ्यात प्रामाणिक क्षण. आळशी माणूस त्या वेळी टोकाला एक नाममात्र स्प्रिंग बांधतो, इतकी मऊ की ती काही पेलत नाही, फक्त संगणकाचं तोंड बंद करते. मग उत्तर येतं, चित्र येतं, सगळं हिरवं.

"कुठल्या गाढवानं शिकवलं हे यंत्राला?"

"कुणी मुद्दाम शिकवलेलं नाही. यंत्र जुन्या मॉडेलांवरून शिकलं. बंद पडलेल्या कंपन्यांची चाळीस हजार मॉडेलं आम्ही त्याला वाचायला दिली. काडी विटेला कशी जोडायची हे त्यातूनच त्यानं उचललं. अकरा हजार मॉडेलांत हाच जोड सापडला, तेव्हा जाणकार असंच करतात असं त्यानं ठरवलं."

"अकरा हजार गाढवं!"

"अकरा हजार प्रती, सर. मूळ एकच आहे."

"मग त्या एकाचं नाव दाखव. मला बघू दे तरी हा महापुरुष."

अनघाचा हात कळफलकावर थांबला. ती म्हणाली, "सर, आधी चहा मागवू का?"

"नाव दाखव."

तिनं मूळ फाइल उघडली. २००९ साल. बसच्या आसनाची चौकट, ओतीव ब्रॅकेटला जोडलेली. जोडाशेजारी करणाऱ्यानं दोन शब्दांची टीप लिहून ठेवली होती : 'सध्या चालेल.' त्याखाली सही, भू. मगदूम.

भूपालरावांना सगळं आठवलं, आणि इतकं लख्ख आठवलं की विसरलो असं म्हणायचीही सोय राहिली नाही. ग्राहक संध्याकाळी येणार होता. गणित अडत होतं. त्या जागी भार सरळ ओढीचा होता, वळवण्याचा फारसा नव्हता, तेव्हा बिजागरी चालून गेली असती. त्यांनी स्प्रिंग बांधली आणि पुढच्या आठवड्यात नीट करू म्हणून टीप लिहिली. पुढच्या आठवड्यात दुसरी बस आली. कुणीतरी तो जोड उचलून कंपनीच्या तयार नमुन्यांत ठेवला. मग क्रेनमध्ये गेला, पंपात गेला, तयार नमुना म्हणून तो कुणी पिळून बघत नसे, नवी पोरं डोळे मिटून वापरू लागली. त्यांना ते दिसत होतं. सांगितलं असतं तर आधीची कामं पुन्हा तपासावी लागली असती, आणि मगदुमांच्या हातून असं झालं, असं लोक म्हणाले असते.

"तुला कधी कळलं?" त्यांनी विचारलं.

"नाव तीन वर्षांपूर्वीच दिसलं होतं. यंत्र शिकलं, त्याच आठवड्यात."

"मग कान का नाही पिळलास? सात वर्षं काय झक मारायला शिकवलं तुला?"

अनघाचे डोळे भरून आले, पण आवाज स्थिर होता. "बाकी सगळे जोड पिळले, सर. एकूण एक. हा एकच सोडला. खाली तुमचं नाव होतं."

भूपालराव खुर्चीत मागे टेकले. खाली चहावाल्या यंत्राचा आवाज येत होता.

"मांडीचे किती झाले?" त्यांनी विचारलं.

"दोनशे बारा. सात जणांचे स्क्रू मोडले. दवाखान्यांनी 'रोगी पडला' अशी नोंद केली. मला संशय आला, म्हणून कालच मी अर्ज टाकलाय. पण समितीला तीन आठवडे लागतात. या आठवड्यात एकोणीस जण पाय टेकवणार आहेत, तुमच्या कांचनताई धरून." तिनं एक फॉर्म पुढे सरकवला. "एक जवळची वाट आहे. नव्या कायद्याप्रमाणे यंत्र ज्याच्या कामावरून शिकलं, त्यानं स्वतः लिहून दिलं तर ती शिकवण तासाभरात सगळीकडून मागे घेतली जाते. दवाखान्यांना ताबडतोब 'थांबा' असा निरोप जातो."

फॉर्मवर एकच वाक्य होतं : 'या कामात माझी चूक झाली होती.' पुढे होय आणि नाही अशा दोन चौकटी.

"हा काय पोरखेळ आहे?" भूपालराव उसळले. "शेरा लिहायला जागा नाही? परिस्थिती सांगायला जागा नाही? ते बसचं आसन होतं! तिथे ते बरोबर होतं! यंत्रानं मांडीला लावलं तर तो माझा दोष? मी 'सध्या' लिहिलं होतं, 'सध्या'!"

"हो, सर."

"यंत्रानं चुकीचा अर्थ लावला असं मी लिहून देतो. चार पानं देतो."

"चार पानं समितीकडे जातील," अनघा म्हणाली.

माणूस किती क्षुद्र असू शकतो हे पाहायचं असेल तर त्या खोलीत पाहायला हवं होतं. एका बाजूला सख्ख्या बहिणीची मांडी आणि अठरा अनोळखी माणसं. दुसऱ्या बाजूला एक चौकट. दुसऱ्यांच्या डोळ्यांतली कुसळं मोजण्यात ज्यांची हयात गेली, त्या भूपालरावांनी फॉर्म घडी करून खिशात घातला, "मी डॉक्टरशीच बोलतो" असं म्हटलं आणि ते उठले. अनघा दारापर्यंत आली. या वेळी तिनं नमस्कार केला नाही.

परतीच्या गाडीतून त्यांनी साखळकरांना फोन केला आणि काडी, वीट, बिजागरी सगळं समजावलं. आपलं नाव तेवढं गाळलं. डॉक्टरांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "काका, कंपनीकडून थांबा आलं तर मी एका मिनिटात थांबवतो. तुमच्या एकट्याच्या शब्दावर कसं थांबवू? तुम्ही मला काल नीरव मोदीचा डॉक्टर अवतार असल्यासारखं बघत होतात. तुम्हाला कुठलं यंत्र आवडलंय का कधी?" आणि ते हसले.

गुरुवारी पावणेअकराला व्हरांडा सजला होता. नर्सा रांगेत, टोकाला हार घेऊन डॉक्टर, एक जण कॅमेरा लावत होता. कांचननं केस विंचरून घेतले होते आणि शाळेचा खेळाचा पोशाख घातला होता. व्हरांड्याच्या तोंडाशी आणलेल्या खाटेच्या कडेवर ती बसली होती. डावा पाय जमिनीवर, उजवा अजून अधांतरी.

भूपालराव आत आले आणि थेट तिच्यासमोर उभे राहिले.

"कांचन, पाय टेकवू नकोस. मी पुण्याला जाऊन आलो. हिशेब तपासला. यंत्र गाढव आहे."

"तुझ्या लेखी शाणं कोण हाय?" कांचन म्हणाली. "सरक बाजूला."

"डॉक्टरला ओ की ठो कळत नाही! रंग बघून ऑपरेशन करतो हा माणूस!"

"काका, प्लीज," डॉक्टर म्हणाले. कॅमेरावाला थांबला आणि मग, जरा बरं चित्र मिळतंय म्हणून, सुरूच झाला.

"हाडाच्या तोंडाशी स्क्रू धरलेला नाही असं त्यांनी धरलंय. बिजागरी आहे ती. काडीला वळण कळतं, विटेला कळत नाही…"

"अण्णा, मला बी कळत न्हाय," कांचन म्हणाली आणि तिनं दोन्ही हात खाटेवर रोवले. खांदे उचलले. उजवा पाय खाली येऊ लागला. टाच जमिनीपासून वीतभर राहिली.

"माझं चुकलं," भूपालराव म्हणाले.

ते इतकं हळू होतं की टाळ्यांसाठी हात वर केलेल्या नर्सांना ऐकूच गेलं नाही. कांचनला गेलं. तिचा पाय थांबला.

"काय म्हंटलास?"

"यंत्राचं नाही. डॉक्टरचं नाही. माझं चुकलं. तो जोड मी केलेला आहे. बत्तीस वर्षांपूर्वी. खोटा आहे हे मला ठाऊक होतं आणि मी तो तसाच ठेवला. मला लाज वाटत होती. यंत्र तो माझ्याकडून शिकलं. काल कबूल कर म्हणून कागद पुढे केला, तर तिथूनही मी पळून आलो. तुझा पाय असून पळून आलो."

कांचन भावाच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिनं उजवा पाय दोन्ही हातांनी धरून हलकेच वर घेतला, खाटेवर ठेवला आणि उशीला टेकली.

"डॉक्टर, कॅमेरा बंद करा. मी न्हाय चालत."

"अहो पण ताई, सगळी तयारी… कंपनीकडून तर अजून काही आलेलं नाही."

"कंपनीचं मला म्हाईत न्हाय. चोपन्न वर्सं ह्याला बघतोय मी. ह्यो कधी चुकत न्हाय. आईच्या मयताला उशिरा पोचला तवा बी एस्टीचं चुकलं हुतं. ह्यो माणूस चारचौघांत माझं चुकलं म्हणतोय, म्हंजे ते स्क्रू मोडणारच."

डॉक्टरांनी पहिल्यांदाच तोंड मिटलं. हार एका नर्सकडे देऊन ते एक्स-रे पुन्हा बघायला निघून गेले.

भूपालरावांनी खिशातला फॉर्म काढला. कांचननं तिच्या जेवणाचं ताट ठेवायची फळी पुढे ओढून दिली. त्यांनी 'होय'च्या चौकटीत खूण केली, फोननं त्याचा फोटो काढला आणि अनघाला पाठवला. त्यासोबत काहीतरी लिहावं असं त्यांना वाटलं. चार पानं तयार होती. त्यांनी काही लिहिलं नाही. वीस मिनिटांनी तिचं उत्तर आलं : 'थांबवलं. एकोणीसही. दोघांनी सकाळीच पाय टेकवला होता, त्यांना पुन्हा झोपवलंय. बाकीच्या जवळजवळ दोनशेंना बोलावणं गेलंय.' भूपालरावांनी ते दोनदा वाचलं. त्या दोनशेंपैकी सात जण कधीचेच 'पडलेले' होते, आणि ते कसे पडले हे आता त्यांच्या सहीनिशी लिहिलेलं होतं.

नर्सा पांगल्या. कॅमेरावाला तारा गुंडाळून गेला. कांचननं डावा पाय जरा सरकवून खाटेच्या कडेला जागा केली.

"ये, बस हितं," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, रोग्याला विचारावं तसं तिनं विचारलं, "लई दुखतंय का रं?"

"दुखतंय," भूपालराव म्हणाले, आणि बहिणीच्या पायाशी बसले.